गच्चीला चुना

प्रिय आईस, तनूचा नमस्कार.

तुझी नात आता बरी आहे, म्हणून कळवतेय. मागं उन्हानं तिला ताप भरला होता. आमची खोली गच्चीखालीच, भिंतीसुद्धा तापायच्या. शेवटी शहागंजातून चुना आणला आणि सकाळच्या गारव्यात मीच अख्खी गच्ची पांढरी केली.

घरमालकीण लई चिडल्या. "कोणाला विचारून केलं?" म्हणाल्या. मी त्यांना खोलीत आणलं. कूलर बंद असूनही गार वाटलं, तशा त्या तिथंच टेकल्या. आता दुपारी इथंच झोपायला येतात.

माझा मात्र डोळा लागत नाय. सारखी पोरीच्या कपाळाला हात लावून बघते.

पाचोडला तुझे पत्रे लई तापत असतील ना? सांडूमामाकडून चुना मारून घे. तू वर चढू नको, माझी शपथ आहे.

तुझीच,
तनू