चादरीवर राहिलेली स्प्रिंग

सूनबाई,

आज स्कूटरला हात लावू नकोस, कामावर बसनं जा. चावी मी खिशात घालून नेतोय, कारण चिठ्ठी वाचायच्या आधीच तू किक मारशील.

मागच्या चाकाचे नवे ब्रेक-शू मी सकाळीच बसवले. सुटे भाग त्या जुन्या फुलाफुलांच्या चादरीवर ओळीनं मांडले होते. सगळं आवळून चादर झटकली, तर फुलांमधून एक स्प्रिंग टुणकन उडाली! कंपनी जादाची देत असेल, असं मनाला समजावलं. मन काही ऐकेना. म्हणून गॅरेजवाल्याला बोलवायला चाललोय.

तो हसेल. चालत्या ट्रकचं इंजिन मी चमच्यानं खोललं आणि ड्रायव्हरला पत्ताही लागला नाही, ही गोष्ट त्यालाही मीच ऐकवलीय. ती तू कधी खरी मानली नाहीस, बरंच केलंस. ही स्प्रिंग मात्र खरी आहे. नाकासमोर असून ती मला दिसली नाही, हेही खरं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणत होतीस ना? संध्याकाळी ब्रेक नीट झाला की जाऊ. स्कूटर तू चालव, मी मागे बसतो.

तुझे मामंजी