कुंकवावर टिचकी

कुंभार पिंपळगाव,
ता. घनसावंगी, जि. जालना
३ डिसेंबर २००५

ती. देवानंददादास,

धाकट्या मावसबहिणीचा, म्हणजे शिवकन्येचा, वाकून नमस्कार. पुण्यात तुझी प्रकृती बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि मावशीचे गुडघे जिना चढू देत असतील अशी आशा करते. आमच्याकडे अण्णा, आई, म्हैस सर्व ठीक. (म्हैस मध्यंतरी ठीक नव्हती. घरात बी.ए. झालेली मी पहिली, म्हणून मलाच बोलावलं. मी समाजशास्त्राची पदवीधर असल्याचं अण्णांना सांगितलं, तर म्हणाले, मंग नीट समजावून सांग तिला.)

तू दिवाळीत लिहिलं होतंस की आता केडीई सोड आणि ग्नोम घे. लिनक्स तेच राहतं, फक्त पडद्यावरचा दर्शनी भाग बदलतो, आणि नवा भाग साधा व सुटसुटीत आहे. दादा, तुझं पत्र मी माझ्या महिला संगणक वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. साधेपणा हे मूल्य आहे असं माझं ठाम मत असल्यामुळे त्याच दुपारी चारही संगणकांवर बदल केला. आठच दिवसांनी पंचायत समितीचे विस्तार अधिकारी वर्ग पाहायला येणार होते. बायकांना संगणकावर साधा अर्ज लिहिता आला तर ग्रामपंचायतीची खोली आमच्याकडे राहणार होती, नाहीतर तिच्यात रामरावांच्या खताच्या गोण्या जाणार होत्या. पण मूल्यांपुढे आठ दिवस काय, असं मला वाटलं. आता तसं वाटत नाही.

अडचण तुला समजणार नाही, कारण तू खंडेनवमीला इथे नव्हतास. त्या दिवशी आम्ही विळे-खुरप्यांबरोबर संगणकांचीही पूजा केली. झुंबरबाईंनी (वय बासष्ट, वर्गातल्या सर्वात ज्येष्ठ) विचारलं, काम कुठून सुरू होतं? मी पडद्याचा खालचा डावा कोपरा दाखवला, जिथे सगळ्या कामांची यादी उघडायचं बटण होतं. त्यांनी चारही काचांवर बरोबर तिथे ओलं कुंकू लावलं. दादा, 'मेनू' हा शब्द मी दीड महिना शिकवत होते. कुंकवाने ते काम एका दिवसात केलं. कुंकवावर टिचकी मारा म्हटलं की चारही बायका बिनचूक मारायच्या. अंधश्रद्धेचा शिक्षणासाठी वापर करावा का, याचा मी दोन दिवस विचार केला आणि मग केला.

तुझ्या सुटसुटीत ग्नोममध्ये यादीचं बटण गेलं वर. आणि खाली, कुंकवाच्या बरोबर मागे, उघडलेलं सगळं एका टिचकीत लपवणारं बटण आलं. साळूबाईंनी त्यांच्या वस्तीवरच्या बंद हापशाबद्दल अर्धं पान अर्ज लिहिला, सवयीने कुंकवावर टिचकी मारली, आणि अर्ज गायब. त्यांनी नवा लिहिला. तोही गायब. (गेलेल्या अर्जांची नावं खालच्या पट्टीत दाटीवाटीने दिसत होती. मला ती सजावट वाटली. हे कुणाला सांगू नकोस.)

मी ओलं फडकं घेऊन पहिल्या काचेजवळ गेले, तर झुंबरबाईंनी माझा हात धरला. "कोण गेलं याचं म्हणून कुंकू पुसून राह्यली?" ('कुंकू आणि स्त्री' या विषयावर मला पंचवीसपैकी एकवीस गुण होते. त्यातला एकही मुद्दा मला तेव्हा आठवला नाही.) मग वरच्या कोपऱ्यात दुसरं कुंकू लावून पाहिलं. तर सगळ्या जणी आधी वर टिचकी मारायच्या आणि मग खालच्याला वाईट वाटू नये म्हणून खालीही. शेवटी ग्रामपंचायत सदस्य काकासाहेब आले आणि म्हणाले, डबडं उलटं ठेवा, वरचं खाली येईल. त्यांचा मान म्हणून एक ठेवलं. वरचं खाली आलं, पण कुंकू काचेवरच असल्याने तेही वर गेलं, आणि त्यापुढे बसलेल्या बेबीनंदाची मान वाकडी होऊन दोन दिवस तशीच राहिली.

तपासणीच्या दिवशी साहेबांनी साळूबाईंना म्हटलं, काय लिहिलंय ते दाखवा. पडद्यावर काहीच नव्हतं. साळूबाईंनी घाबरून कुंकवावर पुन्हा एक टिचकी मारली, आणि दादा, लपवणारं तेच बटण दुसऱ्या टिचकीला परतही आणतं, आठवडाभरात गेलेले सगळे अर्ज एकावर एक परत आले. अकरा होते. साहेब म्हणाले, छापा. पहिला अर्धं पानभर होता, 'सविनय' आणि 'आपली नम्र' सकट. चौथ्यात सविनय नव्हतं. आठव्यात नम्र गेलं. अकराव्यात एवढंच होतं: 'हापसा बंद हाय. मी साळू.'

साहेबांनी ते क्रमाने वाचले. मी मनात गोण्या मोजत होते. मग त्यांनी पेन काढून दुसऱ्यापासून प्रत्येकावर 'स्मरणपत्र क्र. १', 'स्मरणपत्र क्र. २' असं लिहीत दहापर्यंत नेलं आणि म्हणाले, इतका पद्धतशीर पाठपुरावा मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. काकासाहेब छताकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी हापसा सुरू झाला. खोलीही आमच्याकडे राहील, फक्त एक फॉर्म भरून द्यायचा आहे.

यादीची पट्टी ओढून खाली आणता येते हे मला काल कळलं. मी ती आणायला गेले तर साळूबाईंनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, अर्ज दहादा गेल्याबिगर साहेब हालत न्हाई. रस्त्याच्या अर्जावर त्यांचं सध्या तसंच काम चालू आहे.

मावशीला नमस्कार सांग.

तुझी,
शिवकन्या

ता. क. : फॉर्ममध्ये 'केंद्रप्रमुख' असा रकाना आहे. तुमचे सर कोण, असं साहेबांनी विचारलं. वर्ग मीच चालवते म्हटल्यावर 'ते ठीक आहे, पण सर कोण' असं पुन्हा म्हणाले. खोली जाईल या भीतीने मी तुझं नाव दिलं. आयुष्यातलं माझं हे पहिलं खोटं. बारा तारखेला साहेब तुला भेटायला इथे वर्गावर येत आहेत. दादा, इस्त्रीचा शर्ट घालून ये आणि कमी बोल. खरं तर हे पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. २ : पाकीट चिकटवायच्या आत कळलं की मी संगणकावर भरून ठेवलेला तो फॉर्म साळूबाईंनी सकाळी उघडला, तुझं नाव खोडून तिथे 'शिवकन्या बाई, बी.ए.' असं घातलं आणि छापून घनसावंगीला स्वतः नेऊन दिला. मी विचारलं, साहेब काय म्हणाले? त्या म्हणाल्या, "हेच तुमचे सर का म्हनले. म्या हो म्हनलं." तेव्हा येऊ नकोस. बारा तारखेला मला काम आहे.