घड्याळाखालची जागा

गिल्विजाय,
३ नोव्हेंबर १९९८

चि. किप्रस यास आत्या अपोलोनियाचे अनेक आशीर्वाद. प्रभूची स्तुती असो.

पत्र लिहिण्यास कारण की, काल मृतांचा दिवस होता आणि तुझ्या वडिलांच्या थडग्यावर तुझी मेणबत्ती मीच लावली. लेओनासला जाऊन अजून सहा महिनेही झालेले नाहीत, आणि मुलगा बास्केटबॉलचा सामना आहे म्हणून येत नाही, हे मी त्याला कसे सांगावे या विवंचनेत होते. मग आठवले की हा मनुष्य स्वतःच्या लग्नालाही सामना संपवूनच आला होता. तेव्हा तुला क्षमा आहे. मेणबत्ती दगडाच्या डाव्या अंगाला ठेवली. तो डावखुरा, त्याला बरे पडते.

तुमचे प्रशिक्षक, आणि माझ्या भावाचा जन्माचा सोबती, स्तासीस मात्र सकाळच्या बसने आला होता. त्याने देवदाराच्या फांद्यांचे कडे आणले होते. ते क्रुसावर चढवायला दोन्ही हात हवेत. त्याचा डावा हात, तुला ठाऊकच आहे, तरुणपणी बास्केटखाली पडल्यापासून खांद्याच्या वर जात नाही. शेवटी या वयात दगडावर मी चढले. तो खाली उभा राहून लेओनासशी बोलत होता, की पोरगं अगदी तुझ्यावर गेलंय, आधी उडी मारतं, मग विचार करतं. निघताना त्याने उजव्या हाताची दोन बोटे कानाला लावली. मी विचारले तेव्हा म्हणाला, मैदानावरच्या गोंगाटात शब्द पोचत नसे, म्हणून आम्हा दोघांची ही खूण होती: थांब, आत शिरू नकोस. तुम्हा मुलांनाही त्याने तीच शिकवली आहे म्हणे.

जो गेला त्याला 'थांब' म्हणण्यात काय अर्थ, असे मनात आले. विचारले नाही.

थंडी वाढते आहे, गळ्याला लोकर असू दे. लोभ आहे तो सामन्यांच्या गर्दीत हरवू नये.

तुझी आत्या,
अपोलोनिया

राउद्वारिस,
२० नोव्हेंबर

ती. आत्यास किप्रसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बातमी तुला रेडिओवरून कळलीच असेल: स्तासीसकाकांना काढलं. ओळीने सामने हरलो, हे खरं. पण ज्या माणसाने हा संघ उभा केला, त्याला सरावाच्या मध्यात बोलावून, शिट्टी इथेच ठेवा आणि जा, असं सांगायचं? काकांनी गळ्यातली शिट्टी काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातात दिली. मी कर्णधार, म्हणून. मी काहीच बोललो नाही. कुणीच बोललं नाही.

नवे प्रशिक्षक मिओद्राग, सर्बियाचे. माणूस वाईट नाही, पण आमच्याकडे बघतो ते सुतार लाकडाकडे बघतो तसं. खुणा बंद, म्हणाला. मी ओरडेन ते ऐका. पोरांनी त्याचं नाव 'भोंगा' ठेवलंय.

आत्या, खरं सांगायचं ते वेगळंच आहे. काका प्रत्येक सामन्याला येतात. तिकीट काढून, सगळ्यांत वरच्या रांगेत, घड्याळाखाली, तपकिरी कोट न काढता बसतात. हात खिशात. एकही खूण करत नाहीत. आणि माझी मान मात्र सवयीने तिकडे वळते. हॉलमध्ये पाच हजार माणसं ओरडत असतात, आणि मला त्या एकाची शांतता ऐकू येते.

आईला सांगू नकोस. ती आधीच काळजी करते. तुझ्या आशीर्वादावर टिकून असलेला,

किप्रस

राउद्वारिस, इस्पितळ,
११ डिसेंबर

ती. आत्यास सा. न.

घाबरू नकोस, अक्षर वाकडं आहे ते झोपून लिहितोय म्हणून. डावा गुडघा गेला. शेवटच्या सत्रात चेंडू माझ्याकडे होता, समोर वाट मोकळी, मिओद्राग ओरडत होता की घूस, घूस. मी घुसलो. आणि उडी घेण्याच्या क्षणी मला वाटलं, वर घड्याळाखाली काकांचा हात हलला. मी मान वळवली. पाय तिथेच राहिला आणि मी फिरलो. आवाज मलाच नाही, पहिल्या रांगेलाही ऐकू गेला म्हणतात.

आतला अस्थिबंध तुटला होता. डॉक्टरांनी दुसरीकडचा पट्टा काढून तिथे बसवलाय. उन्हाळ्यापूर्वी मैदानाचं नाव काढायचं नाही, नाहीतर खेळणं सोड, धड चालताही येणार नाही, असं बजावलंय.

काका भेटायला आले. दारातच उभे राहिले. मी विचारलं, हात हलवला होता का? ते म्हणाले, "नाही रे पोरा, माझे हात खिशात होते." मग टोपी डोळ्यांवर ओढून निघून गेले. ते खोटं बोलत नाहीत, हे तुलाही माहीत आहे. मग मी काय पाहिलं?

नाताळला कुबड्यांवर येतोय. तुझ्या हातची खसखशीच्या दुधातली बिस्किटं ठेव, आणि तुझ्या उपदेशातला अर्धा वाटा पुढच्या वर्षी.

किप्रस

गिल्विजाय,
२८ डिसेंबर

चि. किप्रस यास अनेक आशीर्वाद.

तू नाताळच्या सकाळी न्याहारीही न करता निघून गेलास. जाताना म्हणालास, की आत्या, तू त्यांना उठवलं का नाहीस. तेव्हा आईसमोर मी उत्तर दिले नाही. आता देते.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर वाळले गवत पसरून त्यावर पांढरे कापड अंथरून आपण बारा पदार्थ मांडतो, आणि त्या वर्षी घरातून गेलेल्यासाठी एक ताट व एक मेणबत्ती ठेवतो. ते ताट लेओनासचे होते. खुर्ची त्याचीच, खिडकीजवळची. त्या जागी बसणारा मनुष्य पुढचा नाताळ पाहत नाही, हे माझ्या आजीपासून मी ऐकत आले आहे. तू ऐकले आहेस, तुझ्या आईने ऐकले आहे. स्तासीस शहरात वाढलेला, आईविना. त्याला कोण सांगणार?

पहिला तारा दिसला आणि दार वाजले. त्या संध्याकाळी दाराशी आलेल्याला परत पाठवत नाहीत, हेही तितकेच जुने आहे. स्तासीस तुझी क्षमा मागायला आला होता, न केलेल्या गोष्टीची. तू काही बोलण्याआधी समोर जी रिकामी खुर्ची दिसली तिच्यात तो बसला. मेणबत्ती सरकवून त्याने कोपर टेकले. तुझ्या आईच्या हातातला डाव बीटाच्या रश्श्यात पडला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी आयुष्यभर मुलांना लॅटिन आणि धर्मग्रंथ शिकवले. ज्याच्या प्रभूने मृत्यूलाच जिंकले, त्याने खुर्चीला भ्यावे काय? असे मी तुला सांगू शकले असते. पण खरे कारण साधे आहे. देवळात, बसमध्ये, कुठेही कुणी लेओनासच्या जागेवर बसले, तर त्याने कधी कुणाला उठवले नाही. तो निमूटपणे दुसरीकडे जागा शोधून बसत असे. त्याच्या घरी, त्याच्या मित्राला मी कशी उठवू?

म्हणून मी पवित्र पोळी मोडली आणि पहिला तुकडा स्तासीसला दिला. रात्री ताटे उचलली नाहीत, रीतीप्रमाणे; गेलेली माणसे रात्री येऊन जेवतात म्हणतात. सकाळी लेओनासचे ताट होते तसेच होते. त्याला स्तासीसने उष्टे केलेले चालत असे. तरी त्याने काही घेतले नाही. ते मात्र मला लागून राहिले आहे.

औषध वेळेवर घे. राग असला तरी लोभ असू दे. दोन्ही एका घरात राहू शकतात.

आत्या

राउद्वारिस,
१४ एप्रिल १९९९

ती. आत्यास सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, माफ कर. राग केव्हाच गेला. भीती राहिली.

मी प्रत्येक सामन्याला आधी वर बघतो. तपकिरी कोट दिसला की समजतो, काका आहेत, आजचा दिवस निभावला. खोकतात फार. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये मी एका जागी उभं राहून चेंडू आपटतो, तेवढीच परवानगी आहे. आत्या, मी थांबलो की कधी कधी आणखी एक टप्पा ऐकू येतो. भिंतीचा घुमारा असतो म्हणे. पण घुमारा माझ्या हाताच्या चालीने यायला हवा. ही चाल वेगळी आहे, आणि ओळखीची आहे. मी मागे वळून बघत नाही.

आता कामाचं. २४ तारखेला शेवटचा सामना. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार, आणि अध्यक्षांनी सांगितलंय की मग संघच बंद करू. मिओद्राग म्हणतो, दहा मिनिटं दे, घट्ट पट्टी बांधू. डॉक्टर नाहीच म्हणतात. बाजारात पाव घ्यायला गेलो तर पाववाली म्हणाली, काय कर्णधार, पाय सासरी ठेवून आलात का? सगळं गाव बघतंय. मी शिट्टीच्या वेळी गप्प बसलो होतो, आत्या. काकांनी उभा केलेला संघ माझ्यासमोर मोडला, तर मला दोनदा गप्प बसल्यासारखं होईल. मी उतरायचं ठरवलंय. तू आशीर्वाद दे, उपदेश नको.

किप्रस

गिल्विजाय,
१८ एप्रिल

चि. किप्रस यास अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद मागितलास, तो आहेच. पण तो पट्टीसारखा गुडघ्याला बांधता येत नाही.

रात्रभर देवदूताशी झुंजून पहाटे जो लंगडत निघाला, त्याची धर्मग्रंथातली कथा मी तुला लहानपणी सांगितली होती. तू विचारले होतेस की जिंकूनही तो लंगडा का झाला. मी तेव्हा काही विद्वत्तेचे उत्तर दिले. आज मला एवढेच दिसते, की त्या लंगडण्याने त्याला हळू चालायला शिकवले आणि म्हणून तो दुरावलेल्या भावापर्यंत पोचला.

मी मनाई करत नाही. तू मोठा आहेस. तुझ्या आईने मात्र तुझे लहानपणीचे बूट कपाटातून काढून पुसून ठेवले आहेत. कशाला, म्हणून मी विचारले नाही. उतरायची वेळ येईल तेव्हा माझे ऐकू नकोस, भोंग्याचेही ऐकू नकोस. ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडे बघ.

लोभाची,
आत्या

राउद्वारिस,
२६ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न.

हरलो. दोन गुणांनी. संघ खाली गेला.

मी उतरलो नाही. तिसरं सत्र संपता संपता मिओद्रागने नाव घेतलं. मी उठलो, अंगावरचा जाड सदरा काढला, सगळा हॉल माझ्या नावाने ओरडायला लागला. तुझं वाक्य आठवलं आणि मी वर बघितलं. घड्याळाखाली काका उभे होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उभे. उजव्या हातात टोपी धरलेली, आणि डावा हात वर, दोन बोटं कानाला. नुसती लावून काढली नाहीत. धरून ठेवली होती. मी खाली बसेपर्यंत.

मी मिओद्रागला सांगितलं, मला थांबायला सांगितलंय. त्याने विचारलं कोणी, आणि माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारलं नाही. लोकांनी शिव्या घातल्या. पाववालीच्या नवऱ्याने माझ्या पायाशी संघाचा गळपट्टा फेकला. सामना संपल्यावर मी पायऱ्या चढून वर गेलो, एकेक करत. जागा रिकामी होती.

आज डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. बसवलेला पट्टा एका टोकाला सैल झालाय. चालताना कळत नव्हतं. पहिल्याच उडीला तुटला असता, म्हणाले, आणि मग त्यांच्याही हातात काही राहिलं नसतं. आता पुन्हा शिवतील. पुढच्या वर्षी खेळेन, कुठल्यातरी संघात.

काका घरी सापडत नाहीत. शेजारीण म्हणते, गावाला गेलेत. तुझ्याकडे आले तर त्यांना माझ्या वतीने मिठी मार. तुझ्या संकोचासह मार, पण मार.

किप्रस

गिल्विजाय,
३० एप्रिल

चि. किप्रस यास आत्याचे अनेक आशीर्वाद. प्रभूची स्तुती असो.

तुझे पत्र मी दोनदा वाचले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मग चर्चमध्ये जाऊन बसले. आता लिहिते.

स्तासीस माझ्याकडेच आहे. छातीत कफ साठला होता, म्हणून मीच त्याला बोलावून घेतले. २३ तारखेच्या बसने तो आला आणि तेव्हापासून या घराबाहेर पडलेला नाही. तुझा सामना आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकला. निवेदक म्हणाला की किप्रस उठला, तेव्हा स्तासीसच्या हातातला चहाचा पेला टेबलावर आडवा झाला. तो रेडिओला म्हणाला, "थांब, पोरा." मग निवेदक गोंधळून म्हणाला, की कर्णधार पुन्हा खाली बसला, का ते कळत नाही. स्तासीस तोंड झाकून रडला. तुझी आई सांडलेला चहा पुसत राहिली, पुसून झाल्यावरही.

तुझे पत्र मी त्याला वाचून दाखवले. मग त्याने डावा हात उचलून पाहिला. खांद्यापर्यंत आला, आणि नेहमीसारखा तिथेच थांबला.

मी वृद्ध आहे, आणि माझ्या श्रद्धेत काय बसते नि काय नाही हे मला साधारण ठाऊक आहे. याचा अर्थ मी लावणार नाही. नाताळनंतर मी तुला तुझ्या वडिलांविषयी एक गोष्ट लिहिली होती: कुणी त्याच्या जागेवर बसले तर तो काय करत असे. ते पत्र ठेवले असशील तर काढून वाच.

स्तासीस आज पहिल्यांदा पोटभर जेवला. खिडकीजवळच्या खुर्चीतच बसतो. त्याला आम्ही ती जागा बदलायला सांगितलेली नाही, आणि आता सांगणारही नाही.

शस्त्रक्रियेचा दिवस कळव. लोभ आहेच; या घरातल्या सगळ्यांचा, आणि जो घरात नाही त्याचाही.

तुझी आत्या,
अपोलोनिया