फिक्या तंतूंची बशी

ता. १२ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

मी इथे सुखरूप आहे. गुडघा बरा आहे. तुझ्याकडे राहिलेला चष्मा पाठवायची घाई नको, जुन्यावर भागतंय. जेवतेस ना वेळेवर?

लहानपणी तू चित्र अर्धं टाकून झोपायचीस आणि मी तुझ्या फिक्या आकाशात गुपचूप निळा रंग भरायची. सकाळी तू भोकाड पसरायचीस. मला वाटायचं, लाडावलीय. कॉन्व्हेंटमध्ये नीटनेटकेपणाची रिबन दर वर्षी मलाच मिळायची. ती सवय काही सुटली नाही.

केशराचं तू मला समजावलं होतंस. पिवळ्यापासून लाल घडवणारं एक जनुक, ते फुलाच्या त्या तीन तंतूंतच जागं होतं. आणि एका रोपात तू तेच बंद केलं होतंस. मी "हो, हो" म्हणत तुझ्या कानाशी पिकलेला केस बघत होते.

त्या दिवशी डबा घेऊन तुझ्या प्रयोगशाळेत आले, तर तू बाहेर गेलेली. तुझी मदतनीस म्हणाली, "बसा मावशी. पण बशांना हात नका लावू, नाहीतर ताई मला कच्चं खातील." आणि चहा आणायला गेली. केशराच्या तंतूंच्या बाकी बशा लालभडक, एक अगदी फिकी. दुपारी तुझे सर बघायला येणार होते. मला वाटलं, एवढी एक खराब निघाली, पोरीची शोभा होईल.

फिके तंतू मी बेसिनमध्ये टाकून नळ सोडला. शेजारच्या बशीतले थोडे लाल तिथे ठेवले.

मग तू आलीस. म्हणालीस, "जनुक बंद करूनही रंग आलाच. म्हणजे माझं मुळातच चुकलं." मदतनीस म्हणाली, "सकाळी मी स्वतः तोडलेत. फिके होते. डोळे फुटलेत का माझे?" तू तिला खोटारडी म्हणालीस. उद्यापासून येऊ नकोस म्हणालीस. मी पर्समध्ये रुमाल शोधत राहिले. रुमाल हातातच होता.

मला तू विचारलंही नाहीस. मावशी असं करणार नाही, या तुझ्या खात्रीनेच मान खाली जाते. नंतर फोनवर कितीदा तोंडाशी आलं. दर वेळी मी हवापाणी विचारलं.

तुझं काही चुकलेलं नाही, ठकू. कंद मातीत आहे, वर्षाने पुन्हा फुलेल. सर त्या दुपारी आलेच नाहीत ते बरं झालं; प्रयोग फसला असं त्यांना कळवू नकोस. कळवलं असशील, तर हे पत्र जसंच्या तसं त्यांच्या हातात दे.

पण आधी तिला फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल. नाही केलास तरी.

तुझी,
मावशी