मागच्या डाव्या दरवाज्यासह माझ्या सर्व चीजवस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणार, वय वर्षे बावीस, धंदा: कॉलेज अर्धवट सोडून गाड्यांचे डेंट काढायला शिकणे, आज रविवारी दुपारी, पोट भरलेलं, डोकं थंड (आईकडून खात्री करून घेतली आहे), कोणी धमकावलेलं नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही, अशा अवस्थेत हे लिहून ठेवतो. परवा, मंगळवारी सकाळी, माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरबाई म्हणाल्या, शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. उरलेल्या तिघांच्या वस्तूंचं पुढे काय झालं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण आई शेजारी बसली होती. म्हणून हा कागद.

तळमजल्यावरचे टंकलेखक आजोबा मजकूर तपासत आहेत. कोर्टाबाहेर टेबल टाकून त्यांनी चाळीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं टाइप केली. पहिलं पान वाचून म्हणाले, "विशेषणं फार आहेत. मरणाऱ्या माणसाला एवढी परवडत नाहीत."

"मी मरणार नाहीये."

"मग हे काय लिहितोयस, किराण्याची यादी?"

माझं डोकं सटकलं. पान फाडणारच होतो, त्यांनी वर चष्मा ठेवला. चष्म्यासकट कसं फाडणार? तर विशेषणं राहिली आहेत. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

कलम १. माझ्या नावावर घर नाही, जमीन नाही. मोठी वस्तू एकच: पाच दरवाज्यांची छोटी गाडी, वय चौदा, रंग राखाडीकडे झुकणारा निळा. ती मूळची बाबांची. मागच्या महिन्यात तिच्यावरचा रंगाचा शेवटचा कोट वाळला, तेव्हा बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कागदपत्रं आणली आणि म्हणाले, "जिचं अंग तू नवं केलंस ती तुझी." म्हणून ती द्यायचा हक्क मला आहे. तिची व्यवस्था कलम ५ मध्ये. आधी लहान वस्तू.

कलम २. कॉलेजच्या वर्कशॉपच्या सरांना माझी वही द्यावी. पहिली अकरा पानं त्यांच्या तासाची आहेत, पुढची सगळी पुट्टी, प्रायमर आणि पॉलिश पेपर यांची. सर, तुमच्याशी भांडून मी गेलो आणि जाताना दार आपटलं, त्यातलं दार आपटणं मागे घेतो. भांडण घेत नाही. तुम्ही फळ्यावर एक ओळ लिहिली होती, "पत्र्याला आपला आकार आठवतो", आणि डस्टरने पुसून पुढे गेलात. असं वाक्य लिहून माणूस पुढे जातोच कसा? मी ते स्वतः पाहिलं आहे. दबलेल्या पत्र्याच्या कडेकडेने, अगदी हलक्या हाताने ठोकत गेलं की एक ठोका असा येतो की आख्खा पत्रा 'टप्' करून आपल्या जागी परत जातो. कोणी ढकलत नाही. त्यालाच जायचं असतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी हातोडी खाली ठेवून पायरीवर जाऊन बसलो होतो.

कलम ३. ताईच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, माझा पहिला स्पॉयलर, म्हणजे गाडीच्या मागे ऐटीसाठी लावतात ती पट्टी, द्यावा. तो मी पावसाच्या पाण्याचा प्लास्टिकचा पाइप उभा चिरून बनवला होता आणि डिकीच्या वर चिकटवला होता. हमरस्त्याला लागताच तो उडाला आणि मागून येणाऱ्या दाजींच्या स्कूटरच्या पुढ्यात पडला. तेव्हापासून घरात कोणीही आलं की दाजी सांगतात, "आमचे मेहुणे डब्याला लिपस्टिक लावतात." दाजी, स्पॉयलर तुमचा. जिथे बसेल तिथे बसवा. ताईने रागावू नये. आजोबा म्हणाले, मृत्युपत्रात एक टोमणा चालतो, दोन झाले की कोर्टात प्रश्न येतात.

कलम ४. बाबांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, म्हणून एक कबुली देतो.

बाबा शाळेची बस चालवतात. एकतीस वर्षं. बसला एक ओरखडा नाही. डेपोतले नवे चालक त्यांना 'लोणी' म्हणतात, कारण गाडी लोण्यातून काढावी तशी काढतात. ज्या दिवशी मी कॉलेज सोडून आलो, त्या दिवशी ते दारात ही गाडी पुसत होते. मी वादाची पूर्ण तयारी करून आलो होतो, वाटेत उत्तरं पाठ केली होती. सांगून टाकलं. ते म्हणाले, "बरं. हातपाय धुऊन घे." एवढंच. पाठ केलेली सगळी उत्तरं अंगात तशीच राहिली, आणि मी मागच्या डाव्या दरवाज्याला लाथ घातली. ताटाएवढा पत्रा आत गेला. बाबांनी आधी दरवाज्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे.

"लागलं का?"

मी आत निघून गेलो. दीड वर्ष ते ती गाडी तशीच चालवत राहिले.

पुढे तो खड्डा मी स्वतः भरायला घेतला. व्हिडिओ बघून दोन बोटं जाड पुट्टी थापली. आठव्या दिवशी आम्ही दोघे कुठेसे निघालो, गतिरोधक आला आणि आख्खी खपली रस्त्यावर पडली. बाबांनी गाडी मागे घेतली, उतरून तो तुकडा उचलला, मागच्या सीटवर ठेवला. म्हणाले, "राहू दे. तू केलेलं आहे." मला हसू आलं आणि लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्री म्हणजे बस डेपोच्या मागे डेंटिंगचं काम करतात ते. त्यांनी दरवाज्यावर हात फिरवला आणि मला विचारलं, "तुझा बाप डेपोत सगळ्यांना सांगतो, गाडी मागे घेताना मीच खांबाला लावली. लोक दीड वर्ष हसतायत त्याला. लोण्यात खडा लागला म्हणून. खरं का?"

मी बाहीने दरवाज्यावरची धूळ पुसायला लागलो.

"खांबाचा डेंट उभा असतो लेका. हा बुटाचा आहे."

बाबा, त्या दरवाज्याचं आतलं पॅड चार स्क्रूंवर आहे. ते काढलंत तर पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं दिसेल: 'खांब नव्हता. मी होतो.' डेपोतल्या सगळ्यांना बोलावून ते वाचून दाखवावं अशी माझी इच्छा आहे, आणि ही इच्छा बंधनकारक समजावी. एकतीस वर्षांचं नाव माणूस एका वाक्यात देऊन टाकतो आणि घरी येऊन त्याचा उच्चारही करत नाही! मी त्या गाडीचा प्रत्येक इंच घासला आहे, पण तुम्ही कशाचे बनलेले आहात ते मला कळलेलं नाही.

कलम ४ (अ). मिस्त्रींची हातोडी, लोखंडी ठोकळा आणि पातळ सुती रुमाल त्यांना परत द्यावा. रुमाल धुऊन द्यावा. या रुमालाने मला जे शिकवलं ते कुठल्या फळ्यावर लिहिलेलं नव्हतं. घासलेला पत्रा डोळ्यांना सपाट दिसतो. मिस्त्री म्हणाले, "डोळा तुझा वकील आहे, तुझ्याच बाजूने बोलणार. डोळे मिट." त्यांनी पत्र्यावर रुमाल टाकला, वर माझा तळवा ठेवला आणि तो सरकवला. आणि खरंच, सपाट दिसणाऱ्या त्या दरवाज्यात टेकड्या होत्या, घळी होत्या! मग त्यांनी वर काळी भुकटी चोळली आणि म्हणाले, घास. जिथे उंचवटा तिथलं काळं गेलं. जिथे खोल, तिथे काळं उरलं. माझी सगळी घाई तिथे नकाशासारखी उमटली होती. सात वेळा भरलं, सात वेळा घासलं. आठव्या वेळी काळं उरलंच नाही. मिस्त्रींनी माझ्यासाठी वेगळा चहा सांगितला. त्या आधी ते मला स्वतःच्यातला अर्धा ओतून देत.

कलम ५. आता गाडी.

आमच्या रस्त्याच्या टोकाला रंगाचं दुकान आहे. तिथे रंग जुळवून देणारी एक मुलगी आहे. ती डबा तराजूवर ठेवते आणि एकेक रंग थेंबाथेंबाने सोडते. काळ्याचा एक थेंब जास्त पडला तर डबा बाजूला ठेवून नवा घेते. मी पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून नमुना म्हणून तिच्याकडे नेलं होतं. सगळे तेच नेतात, लहान असतं, खिशात बसतं. तिने रंग करून दिला. मी दरवाजा रंगवला. उन्हात आणला, तर दरवाजा एका गाडीचा आणि बाकीची गाडी दुसऱ्याच गाडीची!

मी रंगाचा डबा घेऊन तडक दुकानात गेलो. गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोललो. "डोळे तपासून घ्या आधी," असंही बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"झालं? झाकण द्या."

तिने ते उलटं केलं, आतल्या कडेला नखाने खरवडलं. खालून लाल रंग निघाला.

"हे झाकण तुमच्या गाडीचं नाही. भंगारातून आणून कोणीतरी बसवलंय, वर अंदाजाने रंग मारलाय. मी झाकणाचा रंग जुळवला. गाडी तुम्ही आणलीच नव्हती."

घरी बाबांना विचारलं. म्हणाले, "हो, सहा वर्षं झाली. तुला काय करायचंय?"

मी माफी मागायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "माफी राहू द्या, गाडी आणा. सकाळची आणा, दुपारच्या उन्हात निळा खोटं बोलतो." गाडी नेली. ती टपाकडे, बॉनेटकडे, दरवाज्यांकडे वेगवेगळं बघत राहिली. एकाच निळ्याचे चार निळे झाले आहेत म्हणाली, जिथे जसं ऊन लागलं तसे. मला एकच दिसत होता. तिने बोट ठेवून दाखवलं आणि मग मला चारही दिसले, आणि त्यानंतर आजपर्यंत मला जगात एकच रंग असलेली कुठलीही वस्तू दिसलेली नाही.

गाडी पूर्ण रंगवायची ठरली. तीन महिने मी रोज काही ना काही निमित्त काढून दुकानात गेलो. पॉलिश पेपर मी एका वेळी एकच विकत घ्यायचो. घासताना दम लागायचा, मी म्हणायचो धूळ जाते. एक दिवस तिने सुटे पैसे हातावर ठेवले आणि थांबली.

"तुमच्या ओठांचा रंग बदललाय."

"प्रायमर लागला असेल."

"प्रायमर मी ओळखते. गेल्या आठवड्यात हा रंग नव्हता. उद्या डॉक्टरकडे जा. नाही गेलात तर या दुकानातून तुम्हाला काडीचं सामान मिळणार नाही."

मी गेलो. डॉक्टरबाईंनी छातीवर नळी ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही. म्हणाल्या, "वेळेवर आलात. कोणी पाठवलं?" मी म्हटलं, रंगाच्या दुकानातून.

म्हणून: माझी गाडी, दोन्ही किल्ल्यांसह, उरलेल्या अर्ध्या डब्यासह, तिला द्यावी. आजोबा म्हणतात, कारण लिहिण्याची सक्ती नाही. तरी लिहितो. गिऱ्हाइकाच्या ओठांचा थेंबभर बदललेला रंग जिला दिसतो, तिला माझ्या तोंडावरचं बाकीचंही दिसलं असणारच. ती काही बोलली नाही, मलाही जमलं नाही. मी भांडायला कधी घाबरलो नाही, पण हे एवढं बोलायला गाडी पूर्ण रंगवावी लागली आणि छाती उघडायची वेळ आली.

कलम ६. (हे कलम सह्यांच्या आधी, हाताने, आजोबांच्या देखरेखीखाली जोडत आहे.)

साक्षीदार म्हणून मिस्त्री आणि वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका ठरले होते. शिंपीकाका आलेच नाहीत. मिस्त्री आले ते तिला बरोबर घेऊन. ती म्हणाली, मंगळवारच्या आधी भेटून जावं म्हटलं. आजोबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "सज्ञान आहेस ना? मग तूच कर सही."

मी कागदावर झडप घातली. "नको! ती नको!"

"का? चांगली शिकलेली दिसते."

"आजोबा, नको म्हटलं ना!"

"साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, फक्त तुला सही करताना बघायचं असतं," आजोबा म्हणाले.

"सही करायची तर मी वाचणार," ती म्हणाली, आणि माझ्या हातातून कागद काढून घेतला. मिस्त्री छताकडे बघत राहिले. तिने पाचवं कलम दोनदा वाचलं, मी मोजलं. मग आजोबांना विचारलं, "यात ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर?"

"तर त्याचा वाटा गेला. साक्ष देणारा घेणारा असून चालत नाही."

"आणि मिस्त्री?"

"त्यांना त्यांचीच हत्यारं परत मिळतायत. ते चालतं."

"मग पेन द्या."

मी म्हटलं, "अगं, गाडी जाईल तुझी!"

तिला मी 'अगं' म्हटल्याचं माझ्या लक्षात नंतर आलं. तिच्या आधीच आलं होतं.

"मेलेल्या माणसाची गाडी घेऊन मी काय करू? दुकानासमोर लावून रोज रंग बघत बसू?" तिचा आवाज चढला. मी आजवर तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "असं कागदात लिहून ठेवून सुटायचं नाही. आजोबा, कुठे करू सही?"

आजोबांनी चष्मा पुसला. चाळीस वर्षांत वाटा मागायला भांडणारे पाहिले, म्हणाले, सोडायला भांडणारं पहिलंच. मग मला म्हणाले, "लिही. पाचवं कलम रद्द."

त्यानुसार कलम ५ मधली व्यवस्था रद्द करतो, कारणं मात्र तशीच ठेवतो. गाडी बाबांकडे जाईल. बाकी सर्व वरीलप्रमाणे. हे सगळं मी समजून उमजून लिहिलं आहे.

ठिकाण: टंकलेखक आजोबांची खोली, खिडकीजवळचं टेबल.
वार व वेळ: रविवार, दुपारचे साडेचार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला, डेंटिंग मिस्त्री: (सही) पोराने माझ्यासमोर सही केली. दोनदा केली, पहिली वाकडी आली होती.

साक्षीदार दुसरी, रंग जुळवणारी: (सही) यांनी माझ्यासमोर सही केली. मला या कागदातून काही नको. जे हवंय ते मंगळवारनंतर समोर बसून मागेन.