टिकलीची फुंकर

सोमवार, ३ फेब्रुवारी
माझी नात टिकली सव्वादोन वर्षांची झाली, अजून एक शब्द बोलत नाही. आज बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे नेलं. तिचे कान आधीच तपासलेत — उत्तम. मॅडमनी तिला काहीच विचारलं नाही. नुसत्या तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग माझ्याकडे वळून, "आजोबा, दिवसभर 'हे काय, ते काय' विचारता का तिला?" म्हटलं, विचारतो. "ते बंद करा. परीक्षा नको. खेळा."

लेकीची नोकरी दुसऱ्या गावी, पंधरवड्यातून एकदा येते. म्हणजे खेळायचं मीच. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं यंत्रं सांभाळली. खेळण्याचा अनुभव नाही.

मंगळवार, ४
चेंडू. तिनं माझ्याकडे ढकलायचा, मी तिच्याकडे. बोलणंही असंच असतं म्हणे — एकदा तुझी पाळी, एकदा माझी. सतरा फेऱ्या झाल्या. अठराव्याला चेंडू पलंगाखाली गेला, तो काढताना माझी कंबर धरली. टिकली शेजारी आडवी होऊन बघत होती. शब्द — नाही.

शुक्रवार, ७
साबणाचे फुगे. थोडे सोडायचे आणि थांबायचं. बाटलीला झाकण लावून मनात दहा आकडे मोजायचे, तिच्या तोंडाकडे बघायचं, आपण गप्प. सहावर तिनं बाटली माझ्या हातात कोंबली. मॅडम म्हणतात, मागणं हेही बोलणंच. मी धरलं नाही. शब्द तो शब्द.

बुधवार, १२
आज नवीन. मी थांबलो की टिकली ओठ गोल करून हवा सोडते. माझ्या फुंकरीची नक्कल. चांगली करते. शब्द नाही.

गुरुवार, १३
नाही.

सोमवार, १७
पांघरुणाखाली लपायचा खेळ. मी आत, ती बाहेर. तिनं हाक मारेपर्यंत आतच थांबायचं, असं मॅडमचं सांगणं. बराच वेळ थांबलो. गुडघे दुखायला लागले. शेवटी तिनंच पांघरूण ओढलं. चेहरा रागावलेला. कशाबद्दल, कळलं नाही. नंतर तासभर माझ्याजवळ आली नाही.

शनिवार, २२
लेक आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही खेळा. मी दारातून व्हिडिओ घेते, मॅडमना पाठवू." फुगे, झाकण, दहा आकडे. नेहमीसारखंच झालं. टिकलीनं ओठ गोल केले, बाटली ओढली, मी फुगे सोडले.

वळून पाहिलं तर लेक रडत होती. म्हटलं, "लागेल वेळ. मनाला लावून घेऊ नकोस." ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला खरंच —" एवढंच म्हणाली आणि आत गेली. जाता जाता पाठमोरी आणखी काही बोलली. मी परत विचारलं नाही. तिला आधीच वाईट वाटत होतं.

मंगळवार, २५
लेकीनं रजा वाढवली आणि मला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, कित्येक वर्षांपासून. मोठ्यांच्या ओठांवरून माझं भागत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

घरी आल्यावर लेकीनं व्हिडिओ पूर्ण आवाजात माझ्या कानाला लावला. "फू." मग, "आजो, फू." लेकीनं मोजलंय — अकरा वेळा.

बारा तारखेपासून टिकली माझ्याशी बोलते आहे. आणि मी तिच्या तोंडाकडे बघत गप्प बसलो होतो.