जाळीपर्यंतची वाट

३ सप्टेंबर

लँडस्केपच्या कोर्ससाठी साइट मिळाली. नेमकी तीच!

सर फळ्यावर पत्ता लिहीत होते, तो मला आधीच पाठ होता. मानसिक रुग्णांचं निवासगृह. त्याच्या मागच्या आवाराचं आपण डिझाइन करायचं आणि आपल्याच हातांनी बाग उभी करून द्यायची. सगळा वर्ग खूश – खरी जमीन, खरी माणसं! माझी जोडीदार चष्मिश कानाशी कुजबुजली, ‘वेड्यांचं ना गं ते? मला बाई भीती वाटते.’

मी हसले. हसले! माझा सख्खा भाऊ त्याच आवारात दार उघडणाऱ्या खोलीत राहतो आणि मी दात काढले.

वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे की मी एकुलती एक. मीच सांगितलंय. कुणी विचारलंही नव्हतं.

५ सप्टेंबर

आईला सांगितलं. तिला कोण आनंद! ‘दादासाठी बाग करणार तू? बरंच झालं की!’

आता हिला काय सांगू, कप्पाळ.

१० सप्टेंबर

लिहायला हात धजत नाहीये. पण लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन की असं काही झालंच नव्हतं.

सकाळी वर्गातले सगळे एकाच बसने गेलो. स्टॉप आवाराच्या भिंतीसमोरच. आधी मोजमापं. टेपचं एक टोक चष्मिशकडे, एक माझ्याकडे. उतार कोठीच्या बाजूला. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण अर्धं मातीत. रस्त्याकडच्या भिंतीत एका ठिकाणी सिमेंटची जाळी. बाकी सगळीकडे एकसारखं गवत. सर म्हणाले, ‘जमिनीला हात लावण्याआधी वाट बघायला शिका. माणसं चालून चालून गवत दबतं ना, ती वाट! इथे एकही नाही. म्हणजे इथे कुणी फिरकतच नाही. नोंद करा.’

मी नोंद करत होते. तेवढ्यात मागच्या पायऱ्यांवरून – ‘ए चिंगे!’

दादा. खांद्यावर टॉवेल, अंघोळ करून आलेला, चेहरा नुसता फुललेला. आई दोन दिवस आधीच त्याला सांगून आली असणार. वाटच बघत असेल बिचारा.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी काय केलं? मागे वळून बघितलं! जणू माझ्या मागे कुणी दुसरीच चिंगी उभी आहे. वर चष्मिशला म्हटलं, चांगलं मोठ्याने, ‘इथले पेशंट कुणालाही कसलीही हाक मारतात गं.’

त्याने ऐकलं. जागच्या जागी थांबला. माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं, मग सगळ्यांकडे, मग माझ्याकडे.

‘सॉरी मॅडम. चुकलं माझं.’

आणि आत गेला.

शाळेत माझे भूगोलाचे नकाशे हाच रंगवून द्यायचा. समुद्राला निळा रंग कडेने गडद आणि आत फिका. बाई वहीवर ‘छान’ लिहायच्या आणि ते मी आईला माझं म्हणून दाखवायचे. तेव्हाही हा काही बोलायचा नाही.

११ सप्टेंबर

लाज वाटते. बस्स.

२२ सप्टेंबर, रविवार

आई एकटीच दादाला भेटून आली. मी म्हटलं, ऑफिस सांभाळून कॉलेज करायचं म्हणजे रविवारीच ड्रॉइंग होतं. तिने खरं मानलं. तिला काही म्हणजे काही माहीत नाही. त्याने सांगितलं नाही.

‘सारखा एकच विचारत होता,’ आई म्हणाली, ‘चिंगीचा वर्ग परत कधी येणार? हौस वाटत असेल गं त्याला.’

मी म्हटलं, दिवस ठरलेला नसतो. सरांना वेळ झाला की निघतो.

१ ऑक्टोबर

परत साइट. बसमधून मुद्दाम सगळ्यांत शेवटी उतरले. पण दादा कुठेच नव्हता! खोलीचं दारही बंद. सुटले.

सुटले, असं माझ्याच भावाबद्दल लिहितेय. शाबास!

एक गंमत मात्र झाली. सर आवारात शिरले आणि थबकले. मागच्या पायऱ्यांपासून थेट भिंतीतल्या जाळीपर्यंत गवत दबून एक वाट पडलेली. सरळ, पट्टीने आखल्यासारखी. ‘ही मागच्या वेळी नव्हती,’ सर म्हणाले. ‘नवी वाट पडली म्हणजे कुणाची तरी नवी गरज आहे. कुठे जाते?’

‘कुठेच नाही सर, भिंतीपाशी संपते,’ चष्मिश म्हणाली.

‘मग बघत राहा. आपला धंदाच वाट बघण्याचा.’

‘सकाळी बसची बघितली, आता ही!’ – आमच्या वर्गातला टोपीवाला. सगळे खिदळले.

मी नकाशावर पेन्सिलने रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं – वाट कुठेच जात नाही.

१२ ऑक्टोबर

ट्रेसिंग पेपरवर गोल काढतेय. हा सावलीचा, हा बसायचा, हा भाजीच्या वाफ्यांचा. सर म्हणतात, गोल मोठे काढा, घाबरू नका. भिंतीकडे मी कण्हेर लावली होती. सरांनी ताबडतोब काट मारली – ‘कण्हेर विषारी, कुठे लावतेस ते तरी बघ!’ चुकलंच. मग जास्वंद. दाट, भिंतभर, जाळीही झाकून.

‘आणि ती वाट?’

‘कुणी पेशंट येरझाऱ्या घालत असेल, सर. झाडं आली की थांबेल. रस्त्याची धूळ आणि आवाजही अडेल.’

सरांना पटलं. धूळ आणि आवाज!

खरं कारण इथे तरी लिहावं. आमच्या ऑफिसातल्या दोघी त्याच स्टॉपवर उतरतात. जाळीतून एक दिवस दादा दिसायचा आणि आमचं नाक त्याला अगदी सारखं आहे.

२० ऑक्टोबर

खुणा करायला गेलो. पांढऱ्या फक्कीने जमिनीवर वाफे आखले. आजही दादा दिसला नाही. नशीब जोरावर आहे माझं. वाट मात्र आणखी रुंद झालीय.

९ नोव्हेंबर

झाडं लावली. नखांत अजून माती आहे, घासून निघत नाही. खड्डे, खत, आळी – आयुष्यात पहिल्यांदा कागदावरचं काहीतरी खरं झालेलं बघितलं. चष्मिशला तर रडूच आलं. जास्वंदी नर्सरीतून खांद्याइतक्या वाढलेल्याच आणल्या, त्यामुळे जाळी दुपारपर्यंत गायब. वाटेवरही आडवा वाफा आला.

दादा आजही आत. मला कुठेतरी वाटलं होतं, बघायला तरी येईल.

१६ नोव्हेंबर

झाडं रुजली का बघायला गेलो. कुणाला न कळवता, सहजच. फाटकातून आत आलो आणि समोर दादा. हातात झारी. माझ्याच जास्वंदींना पाणी घालत होता.

आम्हाला बघून असा दचकला! झारी हातातून पडली. खोलीकडे निघाला, पण मध्ये आम्हीच उभे. मग कोपऱ्यात गेला, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून उभा राहिला. चष्मिशने माझा दंड घट्ट पकडला. टोपीवाला फिसकन हसला. सिस्टर धावत आल्या – ‘इतके दिवस किती छान होते! आज काय झालं यांना?’ – आणि खांद्याला धरून त्याला आत नेलं. जाताना त्याने एका हाताने चेहरा झाकलेलाच होता.

मी नकाशा धरून उभी. एक पाऊल पुढे टाकता आलं नाही मला. मेले कशी नाही मी तिथेच!

१७ नोव्हेंबर, रविवार

गेले. एकटी. तो झोपला होता, औषध वाढवलंय म्हणे. उठवलं नाही.

मागे गेले. उरलेल्या वाटेने चालत वाफ्यापर्यंत, मग वाफा ओलांडून जास्वंदीत शिरले. फांद्या बाजूला केल्या आणि जाळीला डोळा लावला.

समोर बसस्टॉप. मी उतरते तो!

तिथेच मातीत बसून रडले. कुठेच न जाणारी वाट म्हणे! रविवारची भेट बंद केली मी आणि हा रोज इथे येऊन माझी वाट बघत होता. आणि मी ती भिंतच बंद करून टाकली. वाट लावली मी, अगदी खरोखर.

१९ नोव्हेंबर

सरांना सांगितलं, जाळीसमोरची झाडं हलवायची आहेत आणि वाट मोकळी ठेवायचीय.

‘का?’

‘एका पेशंटला तिथून बसस्टॉप दिसतो. त्याची बहीण येते, सर. तिची वाट बघत असतो तो.’

‘त्यांना विचारलंस?’

‘नाही.’

‘मग तुला कसं कळलं?’

‘दिसतंय ना, सर.’

सरांनी नुसतं हं म्हटलं. परवानगी मात्र दिली. एक पेशंट म्हणे! अजूनही जीभ वळत नाही माझी.

२४ नोव्हेंबर

झाडं हलवली. वाटेवर फरश्या टाकल्या. जाळीपाशी एक छोटा कट्टा केला, ऊन सकाळचंच येईल असा. दादा दिवसभर झोपून होता. मीही काही दार वाजवलं नाही.

३० नोव्हेंबर

शेवटचं सादरीकरण. बाहेरून दोन परीक्षक आले होते. ठरवून गेले होते की आज सगळ्यांसमोर म्हणायचं – हा माझा दादा. आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं.

वाटेचा नकाशा लावला. तोंड उघडलं. ‘इथल्या एका रुग्णाला या जागेवरून आपली बहीण येताना दिसते.’

 टाळ्या! एक परीक्षक म्हणाल्या, जागा वाचणं म्हणजे हेच. पहिला नंबर दिला. चष्मिशने डोळे पुसत विचारलं, ‘किती गं जीव असेल त्याचा! त्या बहिणीला माहीत तरी असेल का?’

‘असेल,’ मी म्हटलं.

टाळ्या घेतल्या मी. दादाच्या जिवावर. परत एकदा.

१ डिसेंबर, रविवार

एकटीच गेले. बसमधून उतरले तर जाळीमागे दादा! मी जोरात हात केला. तो हलला नाही. माझ्या मागे बघत राहिला, बस निघून जाईपर्यंत. मग हात केला.

कट्ट्यावर त्याच्याशेजारी बसले. म्हटलं, ‘दादा, रोज इथे माझी वाट बघायचास ना?’

‘वाट नाही गं. बरोबर कोण कोण उतरतंय ते बघायचो. वर्ग दिसला की खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं. मध्यंतरी झाडं आली ना, तेव्हा दिसेना, म्हणून त्या दिवशी गोंधळ झाला. माझा चेहरा नाही ना दिसला त्यांना?’

 त्याने परत एकदा जाळीतून स्टॉपकडे बघून खात्री केली.

‘आज कुणी नाही बरोबर. मग चिंगे म्हणू?’